द्रुपदाक्कांचा फारच चांगला रिपोर्ट

हॉस्पिटलमधून दुसऱ्यांदा फोन आला. पेशंटला डिस्चार्ज द्यायचाय, घरचे गाडी लावून बसलेत, तेवढा रिपोर्ट पाठवा. रिपोर्ट छापून माझ्या टेबलावर पडला होता. माझी सही तेवढी राहिली होती.

रिपोर्ट उत्तम होता. पांढऱ्या पेशी हव्या तेवढ्या. सीआरपी इतका कमी की मशीनला तो मोजताच आला नव्हता. ईएसआर दोन. साठीच्या बाईचा असा रिपोर्ट आमच्याकडे क्वचित येतो. शाळेतल्या पोरीचा शोभला असता.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. साताऱ्यात माझी लॅब आहे आणि समोरच्या खाजगी हॉस्पिटलचं रक्त आमच्याकडे येतं. माझे पेशंट म्हणजे स्टिकर लावलेल्या ट्यूबा. त्या बोलत नाहीत, भांडत नाहीत, आणि वाट पाहायला लागली तरी कुरकुर करत नाहीत. एवढ्यासाठीच मी ही शाखा घेतली होती.

मला एक सवय आहे. अॅडमिट असलेल्या माणसाचं रक्त असेल तर मशीनवर न थांबता मी काचेवर त्याचा एक थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली बघते. मशीन पेशी मोजतं. त्या पेशी दिसतात कशा, ते बघायला अजून तरी डोळाच लागतो. सहीसाठी पेन हातात घेऊन मी ती स्लाइड लावली आणि पेन खाली ठेवलं.

जंतूंशी लढणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांच्या पोटात बारीक दाणे असतात. एरवी ते फिकट दिसतात. अंगात मोठं इन्फेक्शन असेल तर ते जाड आणि काळपट होतात. इथे ते तसे होते. शिवाय पुष्कळ पेशी कोवळ्या होत्या. शरीर फार घाईत असलं की हाडांमधल्या कारखान्यातून असा अर्धवट तयार झालेला माल बाहेर पडतो.

म्हणजे स्लाइड सांगत होती की या बाईच्या अंगात कुठेतरी मोठी लढाई चालू आहे. आणि रिपोर्ट सांगत होता की सगळं शांत आहे.

सीआरपी म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. हे एक प्रोटीन आहे आणि ते यकृत तयार करतं. शरीरात कुठेही दाह झाला, जंतू शिरले, की सीआरपी एका दिवसात भराभर चढतो. ईएसआर म्हणजे नळीत उभं ठेवलेलं रक्त किती वेगाने खाली बसतं त्याचं माप. दाह असला की तेही वाढतं. डॉक्टर मंडळींचा या दोन आकड्यांवर फार भरवसा असतो. माझाही आहे.

माझ्याकडे शिंदे नावाचे टेक्निशियन आहेत. लॅब सुरू झाली तेव्हापासून आहेत. मी त्यांना म्हटलं की ट्यूबांची अदलाबदल झालेली दिसते. एका पेशंटची स्लाइड आणि दुसऱ्याचा सीआरपी असं काहीतरी. शिंदेंना हे अजिबात आवडलं नाही. त्यांनी दोन्ही ट्यूबा माझ्यासमोर आणून ठेवल्या, स्टिकर दाखवले आणि सगळ्या टेस्ट नव्याने लावल्या. आकडे तेच आले. मग ते काही न बोलता चहा प्यायला गेले. ती त्यांची निषेध नोंदवण्याची पद्धत आहे.

मी समोर डॉक्टर जगदाळेंना फोन लावला. जगदाळे फिजिशियन आहेत, चांगले आहेत आणि कायम घाईत असतात.

"जगदाळे, त्या खरात बाईंना सोडू नका."

"का? रिपोर्ट खराब आहे?"

"नाही. फारच चांगला आहे."

त्यांनी मला समजावून सांगितलं. बाई माण तालुक्यातल्या, म्हसवडच्या पलीकडच्या. घरी मेंढरं आहेत. उन्हात वाड्यावर काम करताना चक्कर येऊन पडल्या. मेंढरं रात्री कोंडतात त्या काटेरी कुंपणाच्या जागेला तिकडे वाडा म्हणतात. इथे आल्या तेव्हा बीपी थोडं कमी होतं. सलाईन दिल्यावर चढलं. ताप एकदाही आला नाही. कुठेही दुखत नाही. ऊन लागलं होतं, दुसरं काही नाही. आणि बाई घरी जायला उतावीळ आहेत, कारण मेंढरांची लोकर कातरायला माणसं यायची आहेत.

मी म्हटलं, मला रक्त पुन्हा घेऊ द्या, अर्धा तास लागेल. ते म्हणाले, घ्या, पण बाईंना तुम्हीच सांगा.

म्हणून मी रस्ता ओलांडून गेले. एरवी रक्त घ्यायला मी जात नाही. पण शिंदे अजून चहावरच होते.

द्रुपदाक्का खरात कॉटवर पाय खाली सोडून, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एसटी स्टँडवर बसतात तशा. शेजारी त्यांचे मालक उभे होते. फौजेतून रिटायर झालेले हवालदार. बूट चकचकीत, मिशी चकचकीत. मी पुन्हा रक्त घ्यायचं म्हटल्यावर आक्का म्हणाल्या, "आता आनि? मेंढरं तिकडं वाट बगत्यात, हितं तुमी रगात काडताय." पण हात पुढे केला.

तो हात बघून मी सुई टोचायची थांबले.

बोटं मुळापासून करंगळीच्या बाजूला झुकलेली. मनगट जाड. हा हात प्रत्येक डॉक्टरने पुस्तकात पाहिलेला असतो. संधिवाताचा, म्हणजे शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा चुकून आपल्याच सांध्यांवर चालून जाते त्या आजाराचा. असा हात असलेल्या माणसाचा ईएसआर चाळीस असतो, साठ असतो. दोन कधी नसतो.

मी विचारलं की संधिवातासाठी कुठलं औषध चालू आहे.

"काय न्हाई," आक्का म्हणाल्या. "गोळ्या समद्या बंद झाल्या. ह्या डाक्टरास्नीबी त्येच सांगितलं."

हवालदारांनी दुजोरा दिला. घरात एकही गोळी नाही. आधी ओंजळभर होत्या.

मग मी विचारलं, की औषध नाही तर हात दुखायचा थांबला कशानं? आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. एवढी शिकलेली बाई आणि असं विचारतेय, असा तो चेहरा होता.

"सलाईननं. दर म्हैन्याला पुन्याला जातो की आमी. मिलिटरीच्या दवाखान्यात."

"हे तुम्ही आधी सांगितलं नाही?"

"गोळ्या कुठल्या चालू हायत असं इचारलं. गोळ्या न्हाईतच."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी सलाईनमधल्या औषधाचं नाव विचारलं. नाव आक्कांना येत नव्हतं. हवालदारांना येत होतं, पण उच्चार करायला गेले आणि तोंडातच अडखळले. तेव्हा त्यांनी टाचा जुळवल्या, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि सुरुवात केली. "टँगो, ऑस्कर, चार्ली, इंडिया..."

ते फौजेत वायरलेसवर होते. वायरलेसवर अक्षर चुकीचं ऐकू जाऊ नये म्हणून प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक शब्द ठरलेला असतो. टी म्हणजे टँगो, ओ म्हणजे ऑस्कर. औषधाचं नाव त्यांनी तसंच पाठ केलं होतं. शेजारच्या कॉटवरचे म्हातारे उठून बसले. "लिमा, इंडिया, झुलू" इथवर हवालदार पोचले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टोसिलिझुमॅब.

मी तिथूनच जगदाळेंना फोन करून वर बोलावलं.

ते येईपर्यंत औषधाबद्दल सांगते. आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. त्यासाठी त्या छोटी छोटी प्रोटीनं रक्तात सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यातलं एक महत्त्वाचं म्हणजे इंटरल्युकिन सहा. कुठे जंतू शिरले की पेशी हे प्रोटीन सोडतात. ते यकृतात पोचतं, मग यकृत सीआरपी बनवतं. ते मेंदूपर्यंत बातमी नेतं, मग ताप चढतो. संधिवातात हेच प्रोटीन विनाकारण सुटत राहतं आणि सांधे सुजतात. टोसिलिझुमॅब काय करतं, तर हे प्रोटीन पेशीवर ज्या जागी येऊन बसतं ती जागाच अडवतं. निरोप निघतो, पण घेणारा दार उघडत नाही. सांधे शांत होतात. औषध फार गुणाचं आहे.

अडचण एवढीच की खऱ्या संकटाचा निरोपही त्याच दारातून येतो.

जगदाळे आले. मी त्यांना औषधाचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे तो सीआरपी..."

"नॉर्मल नाही. यकृताला बातमीच कळलेली नाही. ताप नाही तोही त्यामुळेच. या औषधाने पांढऱ्या पेशीही थोड्या कमी होतात. एरवी पंधरा हजार दिसल्या असत्या, त्या इथे सहा हजार दिसतायत."

त्यांनी आक्कांकडे पाहिलं. आक्का पिशवी सावरून बसल्या होत्या. "म्हणजे ताप नाही, सीआरपी नाही, दुखत नाही," ते हळूच मला म्हणाले. "मग इन्फेक्शन शोधायचं कसं?"

"या टेस्ट नव्हत्या तेव्हा शोधायचे तसं."

जगदाळेंबद्दल मला आदर आहे तो त्यापुढच्या अर्ध्या तासामुळे. त्यांनी फोन बंद केला, ओपीडीतल्या लोकांना थांबायला सांगितलं आणि आक्कांना डोक्यापासून तपासायला घेतलं. कान, दात, घसा, मान, छाती, पाठ, पोट. काखेत बघितलं, कमरेवर ठोकून बघितलं. आक्का आधी लाजल्या, मग वैतागल्या आणि शेवटी मालकांना म्हणाल्या, "आवं, बाजारात मेंढी तपासत्यात तसं तपासाय लागल्यात की ह्ये."

पोट मऊ होतं. छाती साफ होती. मला वाटायला लागलं, माझ्या एका स्लाइडवरून मी उगाच सगळ्यांना वेठीला धरलं.

मग ते पायांशी आले. दोन्ही पावलं शेजारी शेजारी ठेवली आणि वाकून बराच वेळ बघत बसले. उजवा तळवा किंचित भरलेला वाटत होता. लाली नाही, गरम नाही. जन्मभर मेंढरांमागे चाललेलं पाऊल, कातडी चामड्यासारखी. टाचेच्या पुढे एक काळा ठिपका होता, तिळाएवढा. त्यांनी तिथे अंगठा दाबला. आक्का ओरडल्या नाहीत. त्यांनी पाय फक्त मागे ओढला.

"हे काय झालंय?"

"बाभळीचा काटा मोडला व्हता. काडला की म्या सुईनं."

"कधी?"

"आता काट्याचं कोन ध्येनात ठेवतंय डाक्टर. रोजच मोडतुया."

सोनोग्राफी केली. तळव्याच्या आत खोल, स्नायूंच्या मधोमध, पुवाचा मोठा साठा होता. त्यात काट्याचं टोक पडलेलं होतं. दुसऱ्या कुणाचा असता तर पाय लालभडक होऊन सुजला असता आणि माणूस पहिल्याच दिवशी बोंबलत दवाखान्यात आला असता. सूज, लाली, ठणका हीसुद्धा त्या निरोपांचीच कामं. आक्कांचं शरीर ओरडत होतं, पण आवाज बंद होता.

सर्जननी त्याच दुपारी पाय उघडून पू काढला. नंतर ते मला भेटले तेव्हा म्हणाले की बाहेरून इतका गरीब दिसणारा आणि आतून इतका भरलेला पाय त्यांनी पाहिला नव्हता.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण जंतू आधीच रक्तात उतरले होते. संध्याकाळी आक्कांचं बीपी पुन्हा खाली आलं आणि त्यांना आयसीयूत हलवावं लागलं. आमच्याकडे त्यांचं रक्त कल्चरला लावलं होतं. कल्चर म्हणजे जंतूंना खायला घालून वाढवायचं, म्हणजे ते कोण आहेत आणि कुठल्या अँटिबायोटिकला मरतात ते कळतं. ते काम घाई केल्याने होत नाही. तोवर जगदाळे अंदाजाने औषधं देत होते. या बाईंच्या बाबतीत आम्हाला सीआरपी बघून औषध लागू पडतंय की नाही तेही कळणार नव्हतं. मी रोज सकाळी स्लाइड बघायची आणि फोन करायची. आज दाणे तसेच. आज कोवळ्या पेशी थोड्या कमी.

त्या दिवसांत हवालदार आयसीयूच्या बाहेर बाकावर ताठ बसलेले असायचे. एकदा त्यांनी मला थांबवलं. डॉक्टर म्हणतात ती पुण्याची सलाईन आता बंद ठेवायची, हे खरं का, असं विचारलं. मी म्हटलं, सध्या तरी बंदच ठेवावी लागेल.

ते म्हणाले, "म्याडम, ती सलाईन सुरू व्हायच्या आधी हिला भाकरीचा तुकडा मोडता येत न्हवता. वेनीसुदिक मी घालत हुतो. फौजेत समदं शिकिवलं, वेनी घालाय न्हाई शिकिवली. हिची वेनी बगून गावातल्या बाया हासायच्या."

ट्यूबांबरोबर राहून माणसांशी बोलायची सवय राहत नाही. मी एवढंच म्हटलं की औषध कायमचं बंद करा असं कुणी म्हटलेलं नाही, आणि पुण्याच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलते. तसं बोललेही. तिथले संधिवाताचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, जखम पूर्ण भरू द्या, अँटिबायोटिकचा कोर्स होऊ द्या, मग पुन्हा सुरू करू.

कल्चर आलं. जंतू नेहमीचाच निघाला, कातडीवर राहणारा, आणि जगदाळेंचा अंदाज बरोबर होता. त्याच सुमाराला एका सकाळी स्लाइडवर पेशींचे दाणे फिकट दिसले. मी शिंदेंना बोलावून दाखवलं. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि माझ्यासाठीही चहा सांगितला. आमचं मिटलं.

आक्का घरी गेल्या. लोकर त्यांच्या गैरहजेरीत कातरून झाली होती आणि ती नीट कातरली नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

काही आठवड्यांनी ड्रेसिंगसाठी आल्या तेव्हा जगदाळेंनी पुन्हा रक्त पाठवलं. सीआरपी चांगलाच वाढलेला. जगदाळेंचा घाबरून फोन आला. मी स्लाइड आधीच बघितली होती. पेशी एकदम शांत होत्या. मी त्यांना विचारलं, पाय कसा आहे? म्हणाले, छान भरलाय. आणि हात? हात सुजलेत, म्हणाले, बाई कण्हतायत.

जुन्या सलाईनचा असर उतरला होता. अडवलेली दारं मोकळी झाली होती आणि यकृताला पुन्हा बातम्या मिळायला लागल्या होत्या. बातम्या संधिवाताच्या होत्या. म्हणजे बाई मरायला टेकल्या होत्या तेव्हा रिपोर्ट नंबर एक, आणि पाय बरा होऊन घरी चालत गेल्यावर रिपोर्ट खराब. शिंदे म्हणाले, हे असं कुणाला सांगितलं तर आपली लॅब बंद पडेल.

पुण्याच्या डॉक्टरांनी सलाईन पुन्हा सुरू केली. आता आक्कांना आणि हवालदारांना बजावून सांगितलंय की ताप आला नाही, दुखलं नाही, तरी काटा मोडला, दात हलला, कातडी फाटली, अंगात उगाच शक्ती नाहीशी वाटली, की दाखवायचं. आणि कुठलाही डॉक्टर भेटला की पहिलं वाक्य सलाईनचं. हवालदार हे इतकं मनावर घेतात की मागे मेंढरांच्या डॉक्टरलाही त्यांनी सांगितलं.

यंदा दिवाळीनंतर दोघं लॅबमध्ये आले होते. आक्कांना त्यांची ती स्लाइड बघायची होती. मी जपून ठेवली होती. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ काही दिसेना, मग दिसलं.

"ही माजी हाय?"

"तुमचीच."

"लय बारकी हाय की. आनि हिनंच सांगितलं व्हय तुमास्नी?"

मी व्हय म्हटलं. त्यांनी डोळा काढला नाही. वाकड्या बोटांनी मायक्रोस्कोपची कड धरून त्या बघत राहिल्या. मग हवालदारांना बघायला लावलं.

मी इतकी वर्षं रिपोर्टवर सह्या करतेय. त्यात नॉर्मल असं लिहिलेलं असतं ते रक्ताबद्दल असतं. माणसाबद्दल लिहायला तिथे जागा नाही. आता एखादा रिपोर्ट गरजेपेक्षा चांगला आला की मी सही करायच्या आधी समोर जाऊन माणूस बघून येते. बहुतेक वेळा तो खरंच बरा असतो, आणि मला तिथे कॉटपाशी बघून जरा घाबरतो.